स्वतःचा कप धुणारा माणूस

"शेवटच्या दिवशीसुद्धा कान तुटलेला कप माझ्याच वाट्याला," विल्फ पुटपुटला. कोणाला उद्देशून असं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. "एकतीस वर्षं वर्गणी भरली. माणसाला धड धरता येईल असा एक कप मिळू नये?"

एनिडनं किटली खाली ठेवली. भिंतीवरच्या लाकडी पट्टीला एके काळी वीस-बावीस कप टांगलेले असायचे. या उन्हाळ्यात पिस्तुलांवर बंदी आली, तसा एकेक सभासद आपलं पिस्तूल पोलिसांत जमा करून आला आणि जाताना आपला कप घरी घेऊन गेला. आता तिघांचे तीन कप टेबलावर होते आणि पट्टीच्या अगदी टोकाला एक उरला होता. पांढरा, कोरा, कान शाबूत.

"तो घे की मग," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला वाटलं, हे आपण बोलायला नको होतं.

विल्फनं त्या कपाकडे पाहिलं. मग आपल्या चहाकडे पाहिलं.

"राहू दे. याची सवय झालीय मला."

डेस्मंडनं घसा साफ केला आणि घड्याळ पाहिलं. साडेदहाला दहा कमी होते. पोलीस ठाण्यात त्यांना अकराची वेळ दिली होती.

हॅलोबेक गावची ही लोकरीची गिरणी बंद पडून जमाना झाला होता. वर गालिच्यांचं दुकान होतं, खाली तळघरात पिस्तूल क्लब. तेलाचा, बंदुकीच्या जळक्या दारूचा आणि ओलीचा मिळून एक वास इथे असायचा. तो एनिडच्या स्वेटरला लागायचा आणि धुतला तरी जायचा नाही. नवरा आरनॉल्ड गेला त्या वर्षी शेजारीण म्हणाली होती, बाई, घराबाहेर पड, कुठेतरी नाव घाल. शेजारणीच्या डोळ्यांसमोर बहुधा चर्चची भजनमंडळी असावी. एनिड इथे आली. हात लांब करायचा, श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं. त्या थांबण्यात आरनॉल्ड नसायचा, त्याची रिकामी खुर्ची नसायची, काही नसायचं. चाप ओढला की सगळं परत यायचं, पण तोवर तेवढी सुट्टी मिळालेली असायची. पुढे ती क्लबची चिटणीस झाली, कारण टंकलेखन तिला एकटीलाच येत होतं.

आज टेबलावर पिस्तुलांच्या तीन पेट्या होत्या. पेट्या डेस्मंडनं स्वतः केलेल्या. शाळेत त्यानं तीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलं होतं आणि आत हिरव्या बनातीचं कापड लावलेल्या त्या पेट्यांचे सांधे नखानं चाचपले तरी लागत नव्हते. डेस्मंड क्लबचा अध्यक्ष होता. त्यानं खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं.

"गुरुवारी छापून आलंय. वाचलंत?" कोणी हो-नाही म्हणायच्या आतच त्यानं सुरुवात केली. "'गेल्या वर्षी मार्चमध्ये त्या शाळेत मुलांवर जो गोळीबार झाला त्यानं प्रत्येक घर रडलं, तसे आम्हीही रडलो. पण एका नराधमाच्या पापासाठी हजारो सरळ माणसांच्या हातातलं पिस्तूल काढून घेणं हा कुठला न्याय? एकतीस वर्षांत आमच्या दारातून एकही वाकडा माणूस आत आलेला नाही.' संपादकानं एक शब्द कापला नाही, बघा."

"तुझ्या पत्रात कात्री घालायला फट असते कुठे, मास्तर?" विल्फ म्हणाला.

"चेष्टा कर तू. दारू पिऊन गाडी हाकणारे दर वर्षी माणसं मारतात. म्हणून सरकार सगळ्यांच्या गाड्या गोळा करतं का?"

"जन्मभर चालवली ती बसच माझ्याकडून काढून घेतली. पासष्ट झाले म्हणून."

एनिड हसली नाही. हे वाक्य, म्हणजे गाड्यांचं, तिनंही लोकांना कितीदा ऐकवलं होतं. फेब्रुवारीत लंडनच्या बंदीविरोधी मोर्चाला ती थर्मास आणि फलक घेऊन गेली होती, टाचेला फोड येईपर्यंत चालली होती, आणि चालताना तिला ते सगळं खरं वाटत होतं. अजूनही खोटं वाटत नव्हतं. पण "एकही वाकडा माणूस" ऐकताना तिचा हात मांडीवरच्या पर्सवर गेला आणि तिथेच राहिला.

डेस्मंडनं ते पाहिलं.

"कागदपत्रं सगळी घेतलीस ना, एनिड?"

"घेतली."

"सगळी म्हणजे, नोंदवही. नोंदवहीच मागितलीय त्यांनी."

"पत्रव्यवहारही मागितलाय."

"असेल. पण जुनी पत्रं कोण वाचत बसतं? उगाच ओझं." त्यानं कात्रणाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी. "आणि माणूस तर गेलाही आता."

"कोणता माणूस?" विल्फनं विचारलं.

डेस्मंडनं कात्रण खिशात टाकलं. विल्फनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यानं चहा संपवला, तिघांचे कप विसळले आणि एका खोक्यात ठेवले. पांढरा कप पट्टीवर होता तसाच राहिला.

रोलंड पिकर्सगिल आठ वर्षांपूर्वी क्लबात आला होता. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं बेताचं. कधी उशीर नाही, कधी आवाज नाही. नेम झाला की पिस्तूल पुसायचा, चहा झाला की आपला पांढरा कप धुऊन पट्टीच्या टोकाच्या खिळ्याला लावायचा. बाकीचे पुरुष कप टेबलावर टाकून जायचे आणि एनिड धुवायची, त्यामुळे तिला त्याचं कौतुकच होतं. ब्याण्णवच्या फेब्रुवारीत त्याची बायको नोरीन त्याला सोडून बहिणीकडे राहायला गेली. गावात सगळ्यांना कळलं, क्लबात कोणी विचारलं नाही.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी त्यानं लक्ष्याच्या कागदावर मधोमध एक फोटो टाचला. समुद्रकिनाऱ्यावरची नोरीन, लाल कोटातली, वाऱ्यानं केस तोंडावर आलेले. दहा गोळ्या झाडल्या. मग चालत जाऊन टाचण्या एकेक करून काढल्या, त्या डबीत परत ठेवल्या आणि उरला होता तो फोटो पाकिटात सरकवला. त्यानंतर त्यानं चहा घेतला. कप धुतला. "शुभ रात्री," म्हणाला आणि गेला.

तळघरात तेव्हा हेच तिघं होते.

पोलिसांना एक फोन करणं अवघड नव्हतं. फोन गल्ल्याशेजारीच होता. पण फोनवर म्हणायचं काय? फोटोला भोकं पाडणं हा काही गुन्हा नाही, असं डेस्मंड म्हणाला. आणि रोलंडला विचारायचं तर विचारायचं कोणी? विचारलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं, आणि मग ते उत्तर ऐकून घ्यावं लागलं असतं. तिघांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि दिवे मालवले.

पुढच्या महिन्यात रोलंड आपणहूनच म्हणाला, किनाऱ्यावर सँडरिगला नोकरी मिळाली आहे, तिथल्या क्लबला इथलं शिफारसपत्र लागेल. तशी रीतच होती. क्लब क्लबच्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि पोलीस दोघांच्या. तिघांना इतकं हलकं वाटलं की डेस्मंडनं त्याला निरोपाला शेरी वाइनची बाटली दिली. पत्र एनिडनं टंकलं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. वेळेचा पक्का. हत्यार जपून हाताळतो. नियम मोडल्याची एकही नोंद नाही. "शेवटी काहीतरी घरगुती घाल," डेस्मंड म्हणाला होता, "म्हणजे पत्र कोरडं वाटणार नाही." म्हणून तिनं लिहिलं होतं, आपला कप नेहमी स्वतः धुतो.

त्या शरद ऋतूत नोरीननं एनिडची बेल वाजवली. आत आली नाही, पायपुसण्यावरच उभी राहिली.

"एनिड, तो अजून येतो का गं तुमच्याकडे? नेमबाजीला?"

"नाही," एनिड म्हणाली. "सोडला त्यानं क्लब."

हेही खरंच होतं. नोरीनचे खांदे खाली आले. एवढे खाली, की तोवर ते किती वर होते ते एनिडला तेव्हाच कळलं. "बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं बाई. थँक्यू." पुढच्याच आठवड्यात ती बहिणीकडून परत आली, टॅनर रो या रस्त्याच्या कोपऱ्यावर वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि शनिवारच्या बाजारात लोकरीचं दुकान मांडू लागली. एनिड तेव्हापासून लोकर आणायला दुसऱ्या गावी जाते. बसनं चाळीस मिनिटं लागतात.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात रोलंड झोपेतच हृदय बंद पडून गेला. पेपरात चार ओळी आल्या. म्हणजे झालं तर काहीच नव्हतं. एनिडनं स्वतःला तसं पुष्कळदा सांगितलं आणि ते पटतही आलं होतं. मग गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, ती सिंकपाशी बटाटे सोलत असताना, रेडिओवर स्कॉटलंडमधल्या त्या शाळेतल्या गोळीबाराची बातमी लागली. कोणी केलं ते सांगण्याआधीच तिच्या मनात एक नाव आलं. मेलेल्या माणसाचं नाव. दोन वर्षांपूर्वी पुरलेला माणूस कुठल्याच शाळेत जाऊ शकत नाही हे तिला कळत होतं, तरी बटाटा हातातून सुटला. त्या आठवड्यातल्या क्लबच्या सभेत सगळेच भिंतीवरच्या पट्टीकडे पाठ करून बसले होते.

शिफारसपत्राची कार्बनप्रत तिला मंगळवारी फाईलीत सापडली. आता ती पर्समध्ये होती, पेपरमिंटची डबी आणि अर्धवट विणलेला मोजा यांच्या मध्ये.

मिनीबस मेथडिस्ट चर्चकडून मागून आणली होती. विल्फ चालवायला बसला. उभ्या आयुष्यात बस चालवलेला माणूस. रिकाम्या गाडीतसुद्धा प्रत्येक थांब्यावर त्याचा पाय आपोआप ब्रेककडे जायचा. डेस्मंड पुढे त्याच्या शेजारी, एनिड मागे, मांडीवर आपली पेटी. पेटीतलं वजन तिला ओळखीचं होतं, घरच्या मांजरासारखं.

"ते सगळी पिस्तुलं वितळवणार म्हणे," डेस्मंड म्हणाला. "गटारांची झाकणं करणार. माझ्या पिस्तुलावर कुत्री मुततील."

"तेवढा तरी उपयोग होईल," विल्फ म्हणाला.

"तुला काहीच वाटत नाही का रे?"

"वाटतं की. पण तुझ्यासारखं छापून येत नाही."

टॅनर रोच्या थांब्यावर विल्फनं गाडी उभी केली. थांब्यावर कोणी नव्हतं. इंजिन चालू होतं. त्यानं हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला.

"चल की. अकरा वाजतील," डेस्मंड म्हणाला.

"रविवारी दोनची फेरी माझी असायची," विल्फ समोर बघत म्हणाला. "स्टेशन ते टॅनर रो ते स्टेशन. तो सँडरिगहून आगगाडीनं यायचा आणि माझ्या बसमध्ये चढायचा. मांडीवर पिस्तुलाची ती चामड्याची बॅग. इथं गाडी थांबली की ती वरची खिडकी दिसते ना, तिकडे बघायचा. उतरायचा नाही. फेरी पुरी करायचा आणि परत स्टेशन."

कोण, असं कोणी विचारलं नाही. खिडकीला पिवळे पडदे होते आणि एक पडदा वाऱ्यानं बाहेर आला होता.

"किती वेळा?" एनिडनं विचारलं.

"जवळजवळ दर रविवारी. दीडेक वर्ष." विल्फनं बोटानं स्टिअरिंगवरची धूळ पुसली. "रिटर्न तिकीट काढायचा, पोरी. मी मनात म्हणायचो, माणूस रिटर्न काढतोय ना, मग परत जाणार. जाऊ दे. आणि जायचा."

"मग झालं तर," डेस्मंड म्हणाला.

"एका रविवारी त्यानं एकेरी मागितलं."

मागून एक गाडी आली, हॉर्न वाजवून पुढे निघून गेली.

"मग?" एनिड म्हणाली.

"मग काय. मी त्याला रिटर्नच दिलं. काही बोललो नाही. मशीनमधून फाडलं आणि हातावर ठेवलं. त्यानं तिकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन बसला. इथं आलो. थांबलो. मी आरशात त्याला बघत होतो, तो खिडकीला बघत होता. उतरायची घंटी काही वाजली नाही. मी निघालो." त्यानं हँडब्रेक सोडला. "तेवढंच केलं मी. एक रिटर्न तिकीट दिलं."

गाडी बाजार चौकाकडे निघाली. एनिडनं पेटीचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. तिच्या घरापासून टॅनर रो चालत दहा मिनिटांवर होता. त्या सगळ्या रविवारी दुपारी दोन वाजता आपण काय करत होतो ते तिला आठवेना. जेवणाची भांडी घासत असणार. रेडिओ लावलेला असणार.

पोलीस ठाण्यात काउंटरमागे बेअरस्टो नावाची तरुण हवालदार बाई होती. तिनं आदबीनं तिघांना बसायला सांगितलं, खुर्च्या दोनच आहेत हे लक्षात आल्यावर आतून तिसरी आणली. एकेक पिस्तूल पेटीतून काढून नळी रिकामी आहे ना ते पाहिलं, आकडे ताडून घेतले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिठ्ठी चिकटवली. एनिडचं पिस्तूल पिशवीत गेल्यावर लगेच कोणा दुसऱ्याचं वाटू लागलं.

"पेट्या तुम्ही परत नेऊ शकता," ती म्हणाली. "किती सुरेख आहेत. कोणी केल्या?"

"मी," डेस्मंड म्हणाला, आणि प्रथमच त्याचा आवाज जरा फाटला. "आता त्यात काय ठेवायचं?"

"विणकामाच्या सुया राहतील," विल्फ म्हणाला.

समोरच्या खिडकीतून बाजार दिसत होता. मासळीवाला, बटाटेवाला, आणि त्यांच्या पलीकडे, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाखाली, रंगीत लोकरीच्या गुंड्यांचे ढीग. त्यांच्या मागे एक बाई हातांवर लोकर घेऊन गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि मान मागे टाकून हसत होती. एनिडनं खुर्ची थोडी वळवून घेतली, पण मग ती परत होती तशी केली.

"आता हा शेवटचा कागद," बेअरस्टो म्हणाली. "क्लब बंद करतोय म्हणून भरायचा. एखादा सभासद कधी काढून टाकला होता का? किंवा कोणाबद्दल काही काळजी वाटली होती, असं काही?"

"नाही," डेस्मंड म्हणाला. शाळेत हजेरी घेतल्यासारखं, लगेच. "एकतीस वर्षांत एकही नाही."

तिनं पेन टेकवलं. एनिडनं पर्स उघडली. पेपरमिंटची डबी काउंटरवर ठेवली. अर्धा मोजा ठेवला. लोकरीची गुंडी घरंगळून खाली गेली, ती विल्फनं वाकून उचलली आणि हातातच धरून ठेवली. मग तिनं तो पातळ, निळसर कागद काढून बेअरस्टोच्या पुढ्यात सरकवला. डेस्मंडचा हात उठला, अर्ध्या वाटेत थांबला आणि काउंटरच्या कडेवर टेकला.

"पत्र मी लिहिलंय," एनिड म्हणाली.

बेअरस्टोनं वाचलं. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर ती नकळत मोठ्यानं वाचू लागली. "'...आणि आपला कप नेहमी स्वतः धुतो.'" तिला हसू आलं. "माझा नवरा तर धूत नाही. असा सभासद प्रत्येक क्लबाला मिळायला हवा."

कोणी हसलं नाही. तिनं मान वर केली, तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि तिचंही हसू हळूहळू गेलं. तिनं कागद उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"याच्यात तर सगळं चांगलंच लिहिलंय," ती म्हणाली. "मग हे मला का दाखवताय?"

एनिडनं तोंड उघडलं. फोटो, लाल कोट, टाचण्या, पायपुसण्यावर उभी असलेली नोरीन, सगळं एकदम आठवलं आणि त्यातलं पहिलं कोणतं सांगावं ते तिला कळेना. विल्फ हातातल्या गुंडीभोवती सुटलेला धागा गुंडाळत होता. बाहेर बाजारात कोणीतरी बटाट्यांचा भाव ओरडत होतं.

डेस्मंडनं चष्मा काढला. टायच्या टोकानं काचा पुसल्या. बराच वेळ पुसल्या. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा एनिडनं कधी पाहिला नव्हता; तो भलताच म्हातारा आणि उघडा दिसत होता.

"आम्हाला त्याची भीती वाटायची," तो म्हणाला. "तिघांनाही. तो दुसरीकडे जावा म्हणून आम्ही चांगलं लिहिलं."